ग्रहणात डुकरं ओरडली आणि प्रवचनकार वैतागले

खडूफळा (धागाकर्ता)

साधारण ८२०-२५ च्या आसपासची गोष्ट. जर्मनीत फुल्डाच्या मठात ह्राबानुस माउरुस नावाचा विद्वान भिक्षू होता, पुढे तो माइन्झचा आर्चबिशप झाला. संध्याकाळची वेळ. लोकांना आता नवीन काय सांगावं, या विचारात तो घरात बसलेला. तेवढ्यात बाहेर असा गलका उठला की थेट आभाळाला भिडावा. काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर आलं, चंद्र संकटात आहे, त्याला आम्ही मदत करतोय.

चंद्रग्रहण लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या मंडळींनी आणखी भर घातली. कुणी लढाईला निघाल्यासारखी शिंगं फुंकलेली ऐकली होती. कुठे डुकरांना ओरडायला लावलं होतं. कुठे लोकांनी चंद्राच्या दिशेने बाण नि भाले फेकले, पेटती कोलितं भिरकावली, घरातली भांडी फोडली. का, तर कसले तरी राक्षस चंद्राचे लचके तोडताहेत, आपण धावलो नाही तर गिळूनच टाकतील. ह्राबानुसने प्रवचनात सगळ्यांना फैलावर घेतलं. ज्याने चंद्र निर्माण केला त्याला तो सांभाळता येत नाही, म्हणून तुम्ही धावलात होय, असा एकूण सूर.

ही सगळी बाप्तिस्मा झालेली माणसं बरं का. आणि चंद्रावर पृथ्वीची सावली पडते हे शिकलेल्या भिक्षूंना ठाऊक होतं. बीडने (जिल्हा नव्हे, इंग्लंडातला भिक्षू) ७२५ मध्ये लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात ग्रहणाचं कारण सांगितलेलं आहे. पण सावली मठातल्या पोथीत, आणि राक्षस गावात.

मध्ययुगीन चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेटकिणी जाळणारं चर्च येतं. ती जाळपोळ मुख्यतः पंधराव्या ते सतराव्या शतकातली. मी म्हणतोय तो काळ ५०० ते १००० चा, आणि तिथे बराचसा उलटा प्रकार दिसतो. चेटकीण माणूस खाते असं मानणं हेच पाप. इटलीतल्या लोम्बार्ड राजा रोथारीचा ६४३ चा कायदा सांगतो, दुसऱ्याच्या दासीला चेटकीण ठरवून मारू नका, बाई जिवंत माणसाला आतून खाते हे ख्रिस्ती मनाने मानूच नये. ९०६ च्या सुमाराला प्रूमच्या रेगिनो या जर्मन भिक्षूने एक नियम उतरवून ठेवला. काही बायका म्हणतात, आम्ही रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून दूरदूर फिरतो. नियम म्हणतो, हे स्वप्न आहे, सैतानाने दाखवलेलं. झोपेत कोण कुठे कुठे जाऊन येत नाही?

बंदी कशाकशावर होती याची सगळ्यात झकास यादी आठव्या शतकातली, ७४३-४४ च्या आसपासची. लॅटिन नाव ‘इंडिकुलुस सुपरस्तिशिओनुम’, मराठीत ‘भाकड समजुतींची छोटी सूची’ म्हणू. तीस कलमं आहेत. झऱ्यापाशी बळी देणं. ताईत नि गंडे. पक्ष्यांवरून, घोड्यांवरून, बैलाच्या शेणावरून आणि शिंकेवरून शकुन बघणं. लाकडावर लाकूड घासून पेटवलेला विस्तव. कणकेची मूर्ती, चिंध्यांची मूर्ती, शेतातून मिरवायची मूर्ती. देवळात वाहायचे लाकडी हात-पाय. ‘विन्के लूना’, म्हणजे ‘चंद्रा, जिंक!’ अशी ग्रहणातली आरोळी. शेवटचं तिसावं कलम तर असं की, काही बायका चंद्रावर हुकूम चालवतात आणि त्यामुळे पुरुषांची काळजं काढून घेऊ शकतात, या समजुतीबद्दल. (इथे काही पुरुष सदस्य सहमत होतील.)

आता चर्चने यावर केलं काय? पोप ग्रेगरीने २२ जून ६०१ ला इंग्लंडातल्या केंटच्या एथेलबर्ट राजाला पत्र धाडलं: मूर्तिपूजा मोडून काढ, देवळं पाड. मग १८ जुलैला, म्हणजे महिना उलटायच्या आत, इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस या धर्मप्रचारकामागे दुसरं पत्र गेलं. बराच विचार केला म्हणतो, देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती फोडा, तीर्थ शिंपडा, वेदी उभारा, संतांचे अवशेष ठेवा. लोकांची पावलं त्या जागेकडे वळतातच, वळू देत. बैल कापायची सवय आहे ना, मग सणाच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून तिथेच कापा आणि जेवा, फक्त नाव देवाचं घ्या. उंच जायचं तर माणूस पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही. सरळसरळ घूमजाव, पण काय शहाणं घूमजाव!

माझं मत आधीच सांगून टाकतो. चर्चची लढाई ‘जादू नको’ अशी नव्हतीच. शेतावर काहीतरी म्हणायचं, आजाऱ्याच्या गळ्यात काहीतरी बांधायचं, हे चालूच राहिलं. भांडण होतं ते नाव कुणाचं घ्यायचं यावर. इंग्लंडातला अकराव्या शतकात लिहून ठेवलेला नापीक शेताचा तोडगा घ्या. शेताच्या चार कोपऱ्यांतून मातीची चार ढेकळं काढायची, त्यांवर तेल, मध, खमीर आणि दूध घालायचं, ती चर्चमध्ये नेऊन पाद्र्याकडून चार मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणून घ्यायच्या आणि सूर्य मावळायच्या आत परत जागच्या जागी बसवायची. त्यातच पुढे ‘एर्के, एर्के, एर्के, धरतीच्या आई’ अशी हाक आहे. पाद्रीही खूष, आईही खूष.

बाकी प्रतिसादांत बोलू.


तिरफळ

वाचनखूण साठवली. शिंकेवर ७४३ सालीच बंदी होती हे आज सासूबाईंना सांगण्यात येईल. परिणामांची जबाबदारी धागाकर्त्याची.


हेसेनवासी

मस्त धागा. मी कासेलजवळ राहतो, फ्रिट्झलार इथून अर्ध्या तासावर. तिथल्या कॅथेड्रलपुढे इंग्लंडातून आलेल्या संत बोनिफास या धर्मप्रचारकाचा पुतळा आहे, हातात कुऱ्हाड आणि पायाखाली ओकाचा बुंधा. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, वनखात्याचा कुणी साहेब असावा.

गोष्ट ७२३-२४ ची. गाइस्मारला डोनार या मेघगर्जनेच्या देवाचा प्रचंड ओक होता. चरित्रकार विलिबाल्ड लिहितो की बोनिफासने बुंध्याला जेमतेम खाच पाडली, तोच वरून वारा आला आणि झाड कोसळून त्याचे चार सारखे तुकडे झाले. जमलेले लोक शिव्याशाप देत होते, ते गप्प झाले. त्याच लाकडाचं संत पीटरचं प्रार्थनाघर बांधलं. विलिबाल्ड आणखी एक बारीक गोष्ट नोंदवतो, मला ती जास्त आवडते: हेसेनातले काही जण झाडांना आणि झऱ्यांना चोरून नैवेद्य दाखवायचे, काही उघड उघड.

पण वाऱ्याचं श्रेय वाऱ्याला देऊ नका. बोनिफासच्या खिशात फ्रँकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याचं ७२३ चं संरक्षणपत्र होतं. पुढे स्वतःच त्याने विंचेस्टरच्या बिशप डॅनियलला लिहिलं आहे की फ्रँक सत्ताधीशाचा पाठिंबा आणि धाक नसेल तर मला इथे लोकही आवरत नाहीत आणि मूर्तिपूजाही थांबवता येत नाही. तोच म्हातारपणी ७५४ मध्ये सरहद्दीपलीकडे, फ्रिसियातल्या (आजच्या नेदरलँड्समधल्या) डोकुमला गेला आणि मारला गेला. आता फुल्डाच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेला आहे, म्हणजे तुमच्या ह्राबानुसच्याच गावी.


शंकासुर

धागा छान आहे, पण सुरुवातीच्या गोष्टीला टाचणी लावल्याशिवाय राहवत नाही.

‘संध्याकाळी गलका उठला, आभाळाला भिडला, विचारलं तर म्हणाले चंद्राला मदत करतोय’ हा प्रसंग ह्राबानुसचा नाहीच. तूरीनचा बिशप माक्सिमुस पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रवचनात हेच सांगतो, जवळजवळ याच शब्दांत. इटलीत. चारशे वर्षं आधी! ह्राबानुसने पोथी उघडली आणि उतरवून काढलं.

आणि हा एकटाच नाही. आर्लचा बिशप सेझारिउस (५०२ ते ५४२) दक्षिण फ्रान्समध्ये झाडं, झरे, शकुन, ताईत, गुरुवारी गुरू ग्रहाच्या मानाने काम बंद ठेवणं, यांवर झोडपत असे. प्रवचनाआधी लोक सटकतात म्हणून चर्चची दारं लावून घ्यायचा गडी. त्याची वाक्यं पुढची कित्येक शतकं स्पेनपासून जर्मनीपर्यंत उतरवली गेली. तेव्हा आठव्या शतकातल्या जर्मन शेतकऱ्याबद्दल वाचतोय असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात सहाव्या शतकातल्या आर्लबद्दल वाचत असतो. तुमच्या यादीतलं किती गावातलं आणि किती ग्रंथालयातलं?


तिरफळ

खुर्ची ओढून बसले आहे.


खडूफळा

शंकासुर, टाचणी बरोबर जागी लागली. गलका माक्सिमुसचा, मान्य. मीच भोळेपणाने तो प्रसंग ह्राबानुसच्या घरी नेऊन ठेवला.

पण दुसऱ्या दिवसाच्या पाहुण्यांचं काय? शिंगं, डुकरं, भाले, फोडलेली भांडी हे माक्सिमुसकडे नाही. डुकरं ह्राबानुसचीच! म्हणजे त्याने ठरीव प्रवचन घेतलं खरं, पण त्याला आपल्या मुलुखाचा तपशील जोडला. मी तर म्हणेन अशा मजकुरात शोधायचं ते हेच, जे उतरवलेलं नाही ते.

सूचीलाही हीच कसोटी लावा. लॅटिन मजकुरात मध्येच स्थानिक शब्द येतात. घासून काढलेल्या विस्तवाला ‘नोडफिर’, मेलेल्यांवर गायच्या गाण्यांना ‘दादसिसास’. हे शब्द सेझारिउसकडून येणं शक्य नाही, त्या मुलखातले लोक बोलत होते म्हणूनच आले. त्याच हस्तलिखितात बाप्तिस्म्याची जुनी सॅक्सन शपथही आहे: थुनेर, वोडेन आणि साक्सनोट या जुन्या देवांना आणि त्यांच्या साथीदार पिशाच्चांना मी सोडतो. म्हणजे देव खोटे आहेत असं म्हणायचं नाहीच. आहेत, पण भुतं आहेत. नव्या ख्रिस्ती माणसाच्या जगात गर्दी तेवढीच राहिली, फक्त बाजू बदलल्या.


कुळीथ

शपथेतल्या वोडेनवरून. मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात १८४१ मध्ये एका धार्मिक पोथीच्या कोऱ्या पानावर दोन मंत्र सापडले. लिहिलेले दहाव्या शतकात. याकोब ग्रिमने ते १८४२ मध्ये छापले. दुसरा मंत्र असा: फोल आणि वोडान रानात निघाले, बाल्डरच्या शिंगराचा पाय मुरगळला. इतरांनी मंत्र म्हटले, मग वोडानने म्हटला, ‘हाड हाडाला, रक्त रक्ताला, अवयव अवयवाला, जसे चिकटवलेले’.

आता अथर्ववेदाचं चौथं कांड, बारावं सूक्त उघडा. तुटलेलं हाड सांधायची रोहिणी वनस्पती. ‘मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु’. मज्जेला मज्जा जुळो, कातड्यावर कातडं वाढो. आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच दोन्ही शेजारी ठेवून दाखवले होते. समान वारसा की माणूस हाड जोडताना सगळीकडे असंच बोलणार, यावर वाद आहे. मला मोह पहिल्याचा होतो, आणि मोह होतो म्हणूनच मी सावध राहतो.

पण धाग्याच्या विषयाला लागून मुद्दा हा की, वोडानचा मंत्र धर्मग्रंथाच्या पानावर लिहिणारा हात धर्मगुरूंच्या मठाबाहेरचा कसा असेल? लिहिता येत होतं कुणाला?


शंकासुर

हे मात्र आवडलं. सेझारिउसही कुरकुरतोच की, ताईत देणाऱ्यांत आमचेच पाद्री आहेत.


मांडवीकाठ

पोर्तुगालची बाजू मी सांगतो. ब्रागाचा बिशप मार्टिन, साधारण ५७४. आस्तोर्गाच्या पोलेमिउस बिशपाने त्याच्याकडे खेडुतांसाठी प्रवचनाचा नमुना मागितला, म्हणून त्याने ‘खेडुतांची सुधारणा’ लिहिलं. त्यात तिठ्यावर, झाडाखाली, झऱ्यापाशी दिवे लावणं आहे, झऱ्यात पाव टाकणं आहे, चुलीतल्या ओंडक्यावर धान्य आणि वाइन ओतणं आहे, विणायला बसताना बायकांनी मिनर्व्हाचं नाव घेणं आहे. सगळ्यात लोभस म्हणजे कसरीचा आणि उंदरांचा दिवस. त्या दिवशी त्यांचा मान ठेवला की वर्षभर कपडा नि धान्य कुरतडत नाहीत. मार्टिन विचारतो, पिंप आणि पेटी झाकून ठेवली नाहीत, तर तुम्ही सण केलात म्हणून उंदीर सोडणार आहेत का?

त्याचा खरा राग वारांवर. मंगळ, बुध, गुरू, शुक्र ही भुतांची नावं दिवसांना कशाला? आज पोर्तुगीजमध्ये सोमवारला ‘सेगुंदा-फैरा’, मंगळवारला ‘तेर्सा-फैरा’ असे आकड्यांचे वार आहेत, त्याचं श्रेय परंपरेने मार्टिनलाच देतात. शेजारच्या स्पॅनिशमध्ये मंगळ, बुध, गुरू जसेच्या तसे.

आणि हे पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं राहून गेले. माझी कॅथलिक शेजारीण आजही कोंकणीत सोमार, मंगळार, बुधवार, ब्रेस्तार म्हणते. ब्रेस्तार म्हणजे बृहस्पतीवार! मार्टिनने ब्रागातून हाकललेला गुरू मांडवीच्या काठी चर्चच्या जेवणाची तारीख सांगायला हजर.


हेसेनवासी

वारांवरून आठवलं. आइसलँडमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होलारचा बिशप योन याने टीर आणि थोर या जुन्या देवांचे वार काढून ‘तिसरा दिवस’, ‘पाचवा दिवस’ असं केलं म्हणतात, आणि ते आजतागायत टिकलंय. इकडे जर्मनीत बुधवारचा ‘मिटवोख’ म्हणजे नुसता ‘मध्य-आठवडा’ झाला, पण गुरुवार अजून ‘डोनरस्टाग’, डोनारचा दिवस. ओक गेला, वार राहिला.


तिरफळ

@मांडवीकाठ, मग गोव्यात इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) काय केलं? तिथेही बंदीच्या याद्या होत्या ना?


मांडवीकाठ

होत्या. पण तो काळ, ते तंत्र सगळं वेगळं. १५६० नंतरचं लिहायचं तर न्यायालय, तुरुंग, शिक्षा असं सगळं आलं, त्याला वेगळा धागा हवा. एकच सांगतो. १७३६ च्या फर्मानात तुळस लावणं, बिनमिठाचा भात शिजवणं आणि लग्नाआधी नवरानवरीला तेल, नारळाचं दूध वगैरे चोळणं, यावर बंदी घातलेली आहे. गेल्या डिसेंबरात शेजारच्या लग्नात मी स्वतः नवऱ्याच्या डोक्यावर नारळाचं दूध ओतून आलो. ‘रोस’ म्हणतात. डोळ्यांत जातं, झोंबतं, आणि मागे बँड वाजत असतो.


चिंचगुळ

धागा वाचायला मजा येतेय, पण खडूफळा, तुमचं चर्च फारच समजूतदार वाटायला लागलंय. मांडव घाला, जेवा, पायरी पायरीने चढा. उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांना विचारा. फ्रँक राजा शार्लमेनने ७७२ मध्ये त्यांचा पवित्र स्तंभ इर्मिन्सूल उद्ध्वस्त केला. ७८२ मध्ये फेर्डनला एका दिवसात ४५०० सॅक्सन मारले, हा आकडा फ्रँकांच्या स्वतःच्या राजवृत्तातला. सॅक्सनीसाठी काढलेल्या फर्मानात बाप्तिस्मा टाळला तर मृत्युदंड, प्रेत जाळलं तर मृत्युदंड, ख्रिस्ती धर्माचा अवमान म्हणून उपासाच्या काळात मांस खाल्लं तर मृत्युदंड. यात पायऱ्या कुठे आहेत?

दुसरं म्हणजे बायका. प्रायश्चित्तांच्या पोथ्या वाचताना मला पापापेक्षा पोर दिसतं. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर (६६८ ते ६९०) याच्या नावावरच्या पोथीत आहे: ताप उतरावा म्हणून जी बाई मुलीला छपरावर किंवा भट्टीत ठेवते, तिला सात वर्षं प्रायश्चित्त. सात वर्षं! घरात पोर फणफणलंय, वैद्य नाही, आणि कुणीतरी सांगितलं की निवलेल्या भट्टीच्या उबेत ठेव. तिने काय करायचं होतं? पाद्र्याकडे तापावर दुसरं काय होतं?


खडूफळा

ताई, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ग्रेगरीकडे सैन्य नव्हतं म्हणून मांडव सुचला, शार्लमेनकडे होतं म्हणून फर्मान सुचलं, असंही म्हणता येईल. त्याच फर्मानात हेही कलम आहे की कुणाला चेटकीण समजून जाळलं तर जाळणाऱ्याला मृत्युदंड. एकाच कागदावर दोन्ही. शार्लमेनच्याच दरबारातल्या अल्क्विनने ७९६ मध्ये पत्रांतून कान उपटले: तुमच्या दशमांश करानेच सॅक्सनांची श्रद्धा बुडवली, तिकडे उपदेशक पाठवा, लुटारू नकोत. लॅटिनमध्ये त्याने छान कोटी केली आहे, ‘प्रेदिकातोरेस’ हवेत, ‘प्रेदातोरेस’ नकोत.

दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एक जोड आहे. वर्म्सच्या बुर्खार्ड बिशपाने १०२० च्या आधीच्या दशकात पाद्र्यांसाठी प्रश्नावली केली, त्यात पावसाचा विधी आहे. अवर्षणात गावातल्या मुली एका लहान पोरीला विवस्त्र करून पुढे घालतात. तिने उजव्या करंगळीने खुरासनी ओव्याचं रोप मुळासकट उपटायचं, ते तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला दोरीने बांधायचं. रोप ओढत ती नदीवर जाते, बाकीच्या हातातल्या डहाळ्यांनी तिच्यावर पाणी शिंपडतात, आणि परत येताना तिने खेकड्यासारखं उलटं चालत गावात यायचं. शिक्षा? वीस दिवस पाव आणि पाणी. बुर्खार्डने करंगळी कुठली हेसुद्धा लिहिलंय. पाद्र्याने विचारायचं, ‘तू असं केलंस का?’ आणि जिला माहीत नव्हतं तिला त्या दिवशी कळायचं.


तिरफळ

=)) =)) म्हणजे प्रश्नावली हीच कृती. साहित्य: एक रोप, एक दोरी, एक नदी.


चिंचगुळ

हसले. पण वीस दिवस पाव-पाणी हे अवर्षणात वेगळं सांगायला लागत नसेल.


शंकासुर

ताईंच्या ‘पाद्र्याकडे दुसरं काय होतं’ या प्रश्नावर एकाचं नाव घेतो, ज्याच्याकडे निदान हिशेब होता. फ्रान्समधल्या ल्यॉनचा धर्मगुरू आगोबार्ड, ८१५ च्या सुमाराचं लिखाण. त्याच्या भागात सगळे, थोर-लहान, मानत की वादळवाले मांत्रिक गारपीट आणतात. ढगांतून मागोनिया नावाच्या देशाची जहाजं येतात, झोडपलेलं पीक भरून नेतात आणि मांत्रिकांना मोबदला देतात. एकदा लोकांनी तीन पुरुष आणि एक बाई अशा चौघांना ‘जहाजातून पडलेले’ म्हणून बांधून आणलं, दगडांनी मारायला. आगोबार्डने वाद घालून घालून त्यांना सोडवलं. त्याची खरी पोटदुखी वेगळीच: वादळापासून राखण करतो म्हणणाऱ्यांना लोक न मागता पिकाचा वाटा देतात, आणि चर्चचा दशमांश मागितला की नन्नाचा पाढा.

पण मला आवडतो तो भुकटीचा परिच्छेद. काही वर्षांपूर्वी गुरं मेली होती. अफवा उठली की इटलीतल्या बेनेव्हेन्तोच्या ग्रिमोआल्ड ड्यूकने माणसं पाठवून शेतांत, डोंगरांत, झऱ्यांत विषारी भुकटी टाकली. लोकांनी वाटसरू पकडले, काहींना मारलं, बहुतेकांना फळ्यांना बांधून नदीत सोडलं. आणि पकडलेले स्वतःच कबूल करत होते, होय, आमच्याकडे भुकटी होती. आगोबार्ड हतबुद्ध होऊन विचारतो: फक्त बैल मरतात आणि बाकीची जनावरं मरत नाहीत अशी भुकटी असते का? आणि एवढ्या मुलखावर पसरायची तर बेनेव्हेन्तोचे सगळे पुरुष, बायका, म्हातारे, पोरं प्रत्येकी तीन तीन गाड्या भरून निघाले असते तरी पुरली नसती. हे कुणी मोजलंच नाही.


कुळीथ

कबुलीचं वाचून अंगावर काटा आला.


तिरफळ

जड झालं वातावरण. खडूफळा, त्या तीस कलमांतली तुम्ही अर्धीच दिलीत. बाकीची पण टाका ना. आणि प्रत्येकात नेमकं काय करायचे तेही.


खडूफळा

कलमं उद्या टाकतो. पण ‘काय करायचे’ ते मिळणार नाही. त्या हस्तलिखितात नुसते मथळे आहेत, मजकूर नाही. उदाहरणार्थ सोळावं कलम, संपूर्ण: ‘जनावरांच्या मेंदूबद्दल.’ संपलं.